नागपुरात जादूगारांच्या मंडळात सभासद व्हायचंय, हौशी माणसाला घेतात का?

बदाम_दुर्री

नमस्कार मंडळी, मी नागपूरचाच, त्रिमूर्तीनगरला राहतो, विम्याच्या ऑफिसात नोकरी. पत्त्यांची जादू कॉलेजात लागली ती काही सुटली नाही, आता नाण्यांचं पण करून राहिलो. लग्नाघरी, ऑफिसच्या पार्टीत, सोसायटीच्या गणपतीत लोक आग्रह करून बसवतात अन् मी करतो, टाळ्याही मिळतात, पण माझं गाडं तिथंच अडून बसलंय कारण टाळ्या वाजवणाऱ्याला काय कच्चं आहे ते दिसत नाही आणि ज्याला दिसेल असा एकही माणूस माझ्या ओळखीत नाही. व्हिडिओ पाहून बरंच शिकलो, पण व्हिडिओ काही आपला हात पाहून सांगत नाही ना की इथं गडबड होऊन राहिली.

तर आता जादूगारांच्या मंडळात रीतसर सभासद व्हायचं मनात आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांना विचारतो की पोट ज्यांचं यावर आहे ते लोक माझ्यासारख्या नोकरदार हौशी माणसाला आपल्यात बसू देतात का, आत जायला परीक्षा वगैरे असते का, वर्गणी साधारण कशाची घेतात अन् त्यात मिळतं काय, आणि ते गुपित न फोडण्याचं वचन म्हणतात ते खरंच लिहून घेतात का. दुसरं म्हणजे आपल्या शहरातला ग्रुप धरावा की परदेशातल्या मोठ्या संस्थेची मेंबरशिप ऑनलाइन घ्यावी? माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिला माझ्यापेक्षा जास्त नाद आहे, तिला सोबत आणलं तर चालतं का हेही सांगा. मनापासून विचारून राहिलो, सविस्तर सांगितलं तर फार बरं होईल.

पोतडीवाला

भाऊ, घेतात. बिनधास्त जा. मी यावरच पोट भरतो, शाळांचे गॅदरिंग, वाढदिवस, काटोल-उमरेड-रामटेककडचे गणेश मंडळांचे कार्यक्रम, आणि तुम्हाला खरं सांगतो, कोणत्याही मंडळाच्या बैठकीत बसून पाहा, हौशी लोकच जास्त असतात. डॉक्टर असतात, बँकेतले असतात, मास्तर असतात, रिटायर झालेले रेल्वेवाले असतात. आम्हा धंदेवाल्यांना डिसेंबर-जानेवारीत श्वास घ्यायला फुरसत नसते तेव्हा मंडळ चालू ठेवतात ते हेच लोक. आणि हातात सफाई पाहाल तर पत्त्यांमध्ये हौशी माणूस धंदेवाल्याच्या पुढे असतो कारण तो रोज रात्री दोन तास त्याच एका गोष्टीवर घासतो, आम्हाला तेवढा वेळ पेट्या भरण्यात अन् गाडी ठरवण्यात जातो.

हे काही आजचं नाही जी. अमेरिकेतली जादूगारांची सर्वात जुनी संस्था, सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स, ती १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जादूच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू झाली. दुकानात सामान घ्यायला येणारे लोक गप्पा मारत बसायचे, त्यातून मंडळ झालं. दुसरी मोठी संस्था म्हणजे इंटरनॅशनल ब्रदरहूड ऑफ मॅजिशियन्स, ती १९२२ ला कॅनडात विनिपेगला निघाली, ती तर एकमेकांना पत्रं लिहिणाऱ्या लांब लांबच्या लोकांनी काढली. तिच्या गावोगावच्या शाखांना रिंग म्हणतात, भारतातही रिंगा आहेत, आणि द लिंकिंग रिंग नावाचं मासिक सभासदांना मिळतं. म्हणजे हौशी अन् धंदेवाले हे पहिल्यापासून एकाच सतरंजीवर बसत आलेत.

परीक्षेचं म्हणाल तर जागेजागेवर वेगळं. लंडनच्या मॅजिक सर्कलमध्ये जायचं तर आधी मुलाखत, मग परीक्षकांसमोर प्रयोग करून दाखवायचा नाहीतर अभ्यास करून प्रबंध लिहून द्यायचा, मगच सभासद. आपल्याकडच्या लहान ग्रुपमध्ये एवढं कडक नसतं पण पहिल्या-दुसऱ्या बैठकीत "काहीतरी दाखवा" असं म्हणतातच. ती परीक्षाच समजा. अन् त्यात तुमचा हात किती साफ आहे यापेक्षा तुम्ही मनापासून करता की नुसतं इकडचं तिकडचं गुपित गोळा करायला आलात हे पाहतात. जुन्या माणसाला ते पाच मिनिटात कळते.

बैठकीत होतं काय ते सांगतो कारण तुम्हाला तेच पाहिजे. लोक अर्ध्या गोलात बसतात. मुद्दाम. म्हणजे समोरून, डावीकडून, उजवीकडून, सगळ्या अँगलनं दिसते. मागे एक पोरगा नाण्याचा आयटम करत होता, खूप साफ, समोरून मला काही म्हणता काही दिसलं नाही. झाल्यावर कोपऱ्यात बसलेले एक काका म्हणाले, बेटा, हात चांगला आहे, पण ज्या हातात काही नाही असं तू सांगतो त्या हाताचा अंगठा ताठ होऊन राहिला. आणि दुसरं, नाणं गायब व्हायच्या आधीच तू श्वास रोखतो. पोरानं परत केलं. खरंच, खांदे अर्धा इंच वर जात होते. हे त्याला आरशानं सांगितलं नव्हतं कारण आरशात माणूस आपला हात पाहतो, आपले खांदे पाहत नाही. मग काकांनी त्याला सांगितलं की त्या क्षणाला समोरच्याला काहीतरी प्रश्न विचार, बोलताना श्वास रोखता येत नाही. संपलं. त्या एका वाक्यानं त्याचा आयटम बदलला. वर्गणी कशाची देता म्हणाल तर याची देता.

पैशाचं मात्र जपून. मंडळाची वर्षाची वर्गणी ही हॉलचं भाडं, चहा-पोहे, एखाद्या बाहेरच्या जादूगाराचं लेक्चर ठेवलं तर त्याचा खर्च यासाठी असते. कुठं गेल्या गेल्या "आधी हा किट घ्या मग सर्टिफिकेट देतो" असं म्हटलं तर ते मंडळ नाही, दुकान आहे. दुकान वाईट नाही, सामान आपण सगळेच घेतो, पण दुकानाला मंडळ समजून जाऊ नका. दोन-तीन बैठका पाहुणा म्हणून बसू देतात का ते विचारा, जे बसू देतात ते लोक बरे असतात.

रुमालवाली

पोतडीवाला दादांनी बैठकीचं अगदी बरोबर लिहिलंय. मी महालातल्या एका शाळेत गणित शिकवते, वर्गात जादू वापरते, त्यामुळे मुलीच्या प्रश्नाला उत्तर मी देते.

आणा तिला. नक्की आणा. पण आणायच्या आधी मंडळात एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या की ती जादू करायला येतेय की पेटीत बसायला. मी हे चिडून नाही म्हणत, काळजीनं म्हणते. आपल्याकडे मुलगी जादूच्या कार्यक्रमात दिसली की लोक धरूनच चालतात की ही असिस्टंट, हिला कापणार, हिला हवेत तरंगवणार. असिस्टंटचं काम सोपं नाही, अर्धी जादू तर तीच करत असते आणि नाव मात्र दुसऱ्याचं होतं. तुमच्या मुलीला नाद पत्त्यांचा असेल तर तिच्या हातात पत्तेच राहू द्या.

लंडनच्या ज्या मॅजिक सर्कलचं नाव वर आलंय ती १९०५ ची संस्था, आणि १९९१ पर्यंत तिथं बायकांना सभासद होताच येत नव्हतं. सोफी लॉइड नावाच्या बाईनं पुरुषाचा वेश घेतला, रेमंड लॉइड असं नाव घेतलं, तिची मैत्रीण जेनी विनस्टनली हिच्या जोडीनं सगळं ठरवून, विग घालून, हातमोजे घालून (हात बाईचे दिसू नयेत म्हणून, म्हणजे विचार करा, हातमोजे घालून हातचलाखी करायची!) परीक्षकांसमोर प्रयोग केला आणि पास झाली. त्याच वर्षी संस्थेनं बायकांना दार उघडलं तेव्हा तिनं खरं सांगितलं तर फसवणूक केली म्हणून तिला काढून टाकलं. २०२५ मध्ये संस्थेनं तिला शोधून काढून सन्मानानं सभासदत्व परत दिलं. चौतीस वर्षांनी. जेनी तोवर हयात नव्हती. मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला त्या हातमोज्यांचंच जास्त वाटलं, कारण ज्यानं एकदा तरी हातमोजा घालून पत्ता उचलून पाहिलाय त्याला कळेल की ती बाई किती पक्की असेल.

लहान मुलांसाठी मोठ्या संस्थांमध्ये वेगळा विभाग असतो, मॅजिक सर्कलचा यंग मॅजिशियन्स क्लब आहे तो १० ते १८ वयाच्या मुलांसाठी. आपल्याकडे वेगळा विभाग नसला तरी बारा वर्षांच्या पोरीला कोणी नाही म्हणणार नाही, फक्त सुरुवातीला तुम्ही स्वतः सोबत बसा, बैठक संपेपर्यंत. आणि तिला सगळ्यांसमोर करायला लावायची घाई करू नका, तिला आधी पाहू द्या. मुलं पाहून फार शिकतात, मोठ्यांपेक्षा जास्त, कारण ती भलतीकडेच बघत असतात आणि जादूगाराची पंचाईत तिथंच होते.

तर्री_पोहा_४४००१०

मला एक कळत नाही, आता सगळंच यूट्यूबवर आहे तर मंडळ अन् वर्गणी अन् वचनं हे काहून पाहिजे? आठवड्याभरात कोणतीही ट्रिक कशी करतात ते सापडते. माझा चुलतभाऊ तसाच शिकला, मस्त करतो. त्या पैशात चांगले पत्ते घ्या म्हणतो मी.

पोतडीवाला

@तर्री_पोहा भाऊ तुमचा प्रश्न रास्त आहे, राग नाही. पण ट्रिक कशी होते हे माहीत असणं आणि ती जादू म्हणून समोरच्याच्या मनात उभी राहणं यात फार फरक आहे. करवतीनं माणूस कापायचा प्रयोग घ्या. तो १९२१ पासून रंगमंचावर आहे, कसा होतो यावर लोकांनी तेव्हापासून लिहिलंय. अन् १९५६ मध्ये बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात तोच प्रकार केला, मुलीला कापलं, मग तिचे हात चोळले, तिला हाक मारली, ती काही उत्तर देईना, सरकारांनी मान हलवली अन् तिच्या तोंडावर कापड टाकलं, आणि निवेदकानं कार्यक्रम संपला म्हणून सांगून टाकलं. बीबीसीचे फोन जाम झाले, लोकांना वाटलं पोरगी टीव्हीवर मेली. पोरगी ठणठणीत होती. लंडनच्या लोकांना करवतीची जादू माहीत नव्हती काय? माहीत होती. वेळ कधी साधायची अन् गप्प कधी राहायचं हे सरकारांना माहीत होतं, ते कोणत्या व्हिडिओत मिळते सांगा. ते माणसात बसून मिळते.

तुमच्या चुलतभावालाही आणा. खरंच.

कापूर_जिभेवर

वचनाच्या मुद्द्यावर मी लिहितो कारण माझा संबंध दोन्हीकडून येतो, जादूही करतो आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे प्रयोगही गावोगाव करतो. नागपूर हे अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं गाव, १९८२ पासून श्याम मानव यांचं काम इथून चालतं, त्यामुळे आपल्या शहरात हा प्रश्न येतोच की गुपित फोडायचं नाही म्हणता आणि तिकडं नारळातून करणी कशी काढतात ते स्टेजवर दाखवता, हे कसं जुळतं?

जुळतं. अगदी नीट जुळतं. वर पोतडीवाल्यांनी सांगितलेल्या सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स आणि इंटरनॅशनल ब्रदरहूड या दोन मोठ्या संस्थांची नीतिनियमांची एक सामायिक संहिता आहे, त्यात काय आहे पाहा. जादूची तत्त्वं लोकांपुढे मुद्दाम उघडी करायची नाहीत, दुसऱ्याच्या कार्यक्रमात खोडा घालायचा नाही, ज्यानं एखादी गोष्ट शोधली त्याचा त्यावरचा हक्क मानायचा, जाहिरातीत खोटं बोलायचं नाही, आणि प्राणी वापरत असाल तर त्यांना नीट वागवायचं. यात कुठंही असं नाही की भोंदूला पाठीशी घाला. अमेरिकेतला गाजलेला जादूगार हुडिनी १९१७ पासून मरेपर्यंत सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सचा अध्यक्ष होता आणि त्याच वर्षांत तो मेलेल्यांशी बोलून देतो म्हणणारे लोक उघडे पाडत फिरत होता. तिकीट काढून बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की इथं मला फसवणार आहेत आणि त्यात मला मजा येणार आहे. पोर आजारी आहे म्हणून बाबाकडे गेलेल्या बाईला ते ठाऊक नसतं. पहिल्याचं गुपित जपायचं, दुसऱ्याचं उघडं करायचं, यात मला कधीच अडचण वाटली नाही आणि मंडळातल्या कुणालाही वाटू नये.

आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नाव ऐकून काही नवे लोक घाबरतात की आपण जादू करतो म्हणजे काय. त्यात चमत्काराचा दावा करून पैसा उकळणं, लोकांना फसवणं, दहशत बसवणं हा गुन्हा आहे. हातचलाखी आहे असं सांगून केलेला खेळ ही वेगळी गोष्ट. म्हणून माझी विनंती एवढीच की मेंटालिझम करणाऱ्यांनी, मन ओळखण्याचे खेळ करणाऱ्यांनी, सुरुवातीला स्वच्छ सांगावं की ही कला आहे, सिद्धी नाही. कार्यक्रम झाल्यावर एखादी आई येऊन हात जोडून म्हणते माझ्या मुलाचं कधी जमेल ते सांगा ना. तेव्हा तिला काय उत्तर देता यावर मी जादूगार ओळखतो. मंडळानं नव्या सभासदाकडून एकच वचन घ्यायचं असेल तर माझ्या मते हे घ्यावं, की त्या बाईकडून एक रुपया घेणार नाही आणि तिला खोटं सांगणार नाही.

बाकी लिहून घेतात का म्हणाल तर काही ठिकाणी फॉर्मवर सही असते, काही ठिकाणी तोंडी. गुपित फोडलं म्हणून कुणी कोर्टात नेत नाही, मंडळातून काढतात. पण सही करताना मन लावून करा.

बदाम_दुर्री

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रुमालवाली ताई, मुलीला तुमचा मेसेज वाचून दाखवला, ती हातमोजे शोधून राहिली घरात.

आता दोन गोष्टी अजून. एक, पहिल्या बैठकीत काय दाखवावं, पत्त्यांचं की नाण्यांचं, अन् बोलायचं काय, कारण मी जे शिकलो ते सगळं इंग्रजीतून त्यामुळे बोलणंही अर्धं इंग्रजीच येते. दुसरं, माझ्या ओळखीतून कळलं की काही लोक आधीपासून महिन्यातून एकदा धरमपेठकडे कुणाच्या तरी घरी जमतात अन् आता त्यांचं मंडळ रजिस्टर करायचं चाललंय, मला म्हणे तुम्ही विम्यात आहात, कागदपत्रांचं तुम्हीच पाहा. आल्या आल्या यात पडावं का?

चेंज_रिपोर्ट

पडा, पण डोळे उघडे ठेवून. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, घटना अन् उद्देश लिहावे लागतात, आपल्याकडे संस्थेला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदाही लागतो म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात खेटे आले. नोंदणी होऊन जाते हो, खरं काम पुढं असते. दरवर्षी ऑडिट, आणि कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल धर्मादाय ऑफिसाला लेखी कळवणं. हे न दिल्यानं किती चांगल्या संस्था कागदावर लटकल्यात. विदर्भात नाट्यसंस्था पाहा, भजनी मंडळं पाहा, काम उत्तम अन् कागद वीस वर्षं जुने. माझं मत, पहिले वर्षभर बिनरजिस्टर जमा, सात लोक खरंच दर महिन्याला येतात का ते पाहा. बँकेत संस्थेच्या नावानं खातं लागलं, हॉल संस्थेच्या नावानं घ्यायची वेळ आली की मग करा.

तांब्यातलं_पाणी

पहिल्या प्रश्नावर मला लिहू द्या. वय झालं आहे, पण अजून करतो.

आमच्या पिढीनं पुण्याचे जादूगार रघुवीर पाहिले. त्यांच्या घरात तिसऱ्या पिढीपर्यंत ही कला चालत आली. रघुवीरांचं मोठेपण मला काय वाटतं तर ते मराठी माणसाशी मराठीत बोलायचे, समोरच्या रांगेतल्या आजीला आजी म्हणून हाक मारायचे, आणि ती आजी त्यांच्या बाजूनं व्हायची. एकदा प्रेक्षक आपल्या बाजूनं झाला की तो तुमचा हात पकडायच्या मागं लागत नाही, त्याला वाटतं जादू व्हावी. बदाम दुर्री, तुम्ही म्हणता तुमचं बोलणं अर्धं इंग्रजी येतं. बदला ते. लंडनच्या माणसाचं "पिक अ कार्ड" आपल्या तोंडी कोरडं वाटतं. तुम्ही नागपूरचे आहात, "घ्या न काकू, कोणताही घ्या, डरू नका" असं म्हणून पाहा, काकू हसतील, हसताना त्यांचं लक्ष पत्त्यावरून उठेल, आणि तुम्हाला जे करायचं आहे त्याला तेवढा वेळ पुरतो. मी व्याख्यान देत नाही, खरंच करून पाहा.

पूर्वी पोतडीतल्या ज्या वस्तू होत्या त्यातल्या बहुतेक आपल्याच घरातल्या होत्या. कप अँड बॉलचा, म्हणजे वाट्यांखालचे गोळे गायब करायचा खेळ जगभर आहे पण आपले रस्त्यावरचे खेळवाले जमिनीवर उकिडवं बसून, चहूबाजूंनी माणसं, टेबल नाही, बाही वर केलेली, अशात करायचे. हे जगात फार थोड्या लोकांना जमलं आहे. आणि तो तांब्या, रिकामा केला तरी परत परत पाणी देणारा, त्याला परदेशी जादूगार वॉटर ऑफ इंडिया म्हणतात. म्हणून मंडळात गेलात तर चीनवरून मागवलेल्या प्लास्टिकच्या डब्यांवर पैसा घालवण्याआधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की तुमच्या वडिलांच्या वेळचं काय आहे. बऱ्याच गोष्टी त्यांच्याबरोबरच जातील. अमेरिकेत १९२६ ला हुडिनी गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीत सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सच्या लोकांनी जादूची कांडी मोडली, आणि तेव्हापासून सभासद गेला की तो विधी करतात. चांगली प्रथा आहे. पण माझं म्हणणं, कांडी मोडण्याआधी त्या माणसाकडचं शिकून घ्या.

पत्ते दाखवा की नाणं, तर माझं मत नाणं. नागपूरच्या मे महिन्यात घामानं बोटं पत्त्याला चिकटतात, जुलैत दमट हवेनं पत्ते फुगून एकमेकांवरून सरकत नाहीत, नव्या जागेत पंखा कुठं आहे तेही माहीत नसतं. नाण्याला यातलं काही होत नाही. शिवाय नाणं प्रेक्षकाचं घेता येतं. दहाचं नाणं मागून घ्या, त्यावर पेनानं खूण करायला सांगा. जादूगारांच्या समोरसुद्धा माणसाच्या स्वतःच्या वस्तूला वेगळी किंमत येते.

रुमालवाली

काका, "काकू डरू नका" हे मी उद्याच वर्गात वापरते. आणि त्या तांब्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय, पाचवीच्या मुलांना हवेच्या दाबाचा धडा आहे. गुपित नाही विचारत, फक्त तुम्ही येऊन करून दाखवाल का एवढंच.

तांब्यातलं_पाणी

येईन बेटा. तारीख सांग.

तर्री_पोहा_४४००१०

चुलतभावाला हा धागा पाठवला. तो म्हणतो येतो, पण त्याच्याकडे दोन कबूतरं आहेत, ती आणू का विचारून राहिला.

पोतडीवाला

कबूतरं घरी ठेवा म्हणा. कार्यक्रमात प्राणी-पक्षी वापरायचे तर २००१ च्या नियमाप्रमाणे जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि पोपट तर आपला देशी पोपट पाळणंच वन्यजीव कायद्यात बसत नाही. मी पक्षी वापरणं सोडून दिलं, रुमालाचं रूटीन बसवलं, लोकांना काही कमी वाटत नाही. अन् उन्हाळ्यात पेटीत कोंबलेल्या जिवाचे हाल बघवत नाहीत.

बदाम दुर्री भाऊ, तुमच्यासाठी शेवटचं. पहिल्या दिवशी एकच आयटम आणा. तीन आणले की माणूस तिन्ही घाईत करतो. जागतिक स्पर्धेत सुद्धा स्टेजवरच्या माणसाला दहा मिनिटांच्या वर देत नाहीत, तुम्ही चार मिनिटांत बसवा. सुरुवात अन् शेवट तोंडपाठ पाहिजे, मधलं वरखाली झालं तर चालते. कोणी काही सुचवलं तर तिथंच "हो पण मी असं करतो कारण" म्हणून समजावत बसू नका, वहीत लिहून घ्या, घरी जाऊन करून पाहा अन् मग पुढच्या महिन्यात बोला. दुसऱ्याचा आयटम आवडला तर त्याला विचारल्याशिवाय आपल्या कार्यक्रमात घेऊ नका, मंडळात भांडणं होतात ती नव्वद टक्के यावरूनच. अन् बैठकीत मोबाइल खिशात, शूटिंग कोणी सांगितल्याशिवाय करायचं नाही, मुलीलाही आधीच सांगून ठेवा.

धरमपेठचा ग्रुप मला माहीत आहे, माणसं चांगली आहेत. पत्ता अन् फोन इथं कोणी टाकू नका, ज्यांना यायचं त्यांनी मला मेसेज करा, मी त्यांना विचारून कळवतो.

बदाम_दुर्री

मेसेज केला दादा. नाण्याचाच आणतो, मराठीतून. मुलीला आधी नुसतं पाहायला आणतो.